सावकाश सोडलेला श्वास

हृदयाचे ठोके आपल्या हुकमात नसतात. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपलं ऐकतोही. म्हणूनच योगपरंपरेने मनाकडे जाण्यासाठी श्वासाची वाट धरली. १९३७मध्ये पुण्यात आलेल्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी ती आयुष्यभर अभ्यासली. १९८१मध्ये त्यांचं ‘लाइट ऑन प्राणायाम’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. आधी आसन, मग प्राणायाम, हा पतंजलींचा क्रम त्यांनी काटेकोरपणे जपला.

शरीरशास्त्र काय सांगतं? श्वास घेताना हृदयगती किंचित वाढते, सोडताना व्हेगस चेतातंतूच्या प्रभावाने मंदावते. विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. ते ६च्या आसपास आणले की हृदयगतीचा हा चढउतार ठळक होतो. म्हणून रोज पाच मिनिटं, जोर न लावता, श्वास सोडायला थोडा अधिक वेळ द्या. चक्कर आली तर लगेच थांबा.