नोकरी सुटली तरी रजेचा पगार बुडत नाही

भिवंडी, प्रतिनिधी : यंत्रमागाच्या या शहरात कामगार एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जातो, तेव्हा मालकाबरोबरचा हिशेब बहुधा अखेरच्या पंधरवड्याची मजुरी आणि घेतलेली उचल यांवरच मिटतो. शिल्लक रजेचा पगार त्यात क्वचितच धरला जातो. 'स्वतःहून काम सोडलेस, आता रजा कसली?' असे ऐकून कामगारही गप्प बसतो. कायद्याला मात्र हा युक्तिवाद मान्य नाही.

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम ३२ नुसार, वर्षात १८० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ही अट २४० दिवसांची होती. नोकरी सोडणाऱ्याला किंवा काढून टाकलेल्याला मात्र ही अट लागत नाही. समजा, एखाद्याने १६० दिवस काम करून कारखाना सोडला, तर त्याची आठ दिवसांची रजा होते. रोजची सरासरी कमाई ६०० रुपये धरल्यास ही रक्कम ४,८०० रुपये भरते. काम सुटल्यापासून दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी ती हाती पडली पाहिजे. कामगाराचा मृत्यू झाल्यास वारसाला ती दोन महिन्यांत देणे बंधनकारक आहे.

मजुरी मीटरवर ठरते म्हणून रजा मिळत नाही, हाही गैरसमजच. कारखाने अधिनियमानुसार अशा कामगाराच्या रजेपूर्वीच्या महिन्यातील कमाईची दैनिक सरासरी काढली जाई. जादा कामाचा मोबदला व बोनस त्यातून वगळला जाई.

खरी अडचण पुराव्याची

रजेची ही तरतूद दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. एकाच छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखवले गेले, तर कामगारांची संख्या कागदावर दहाच्या खाली राहते. हजेरीपत्रक नाही, वेतनचिठ्ठी नाही, अशा स्थितीत कामाचे दिवस सिद्ध करणे हेच कामगारापुढचे मोठे आव्हान ठरते. म्हणूनच विणलेल्या कापडाच्या नोंदीची वही, बँकेतील जमा, भविष्यनिर्वाह निधी वा राज्य विमा योजनेतील वर्गणीची नोंद आणि सोबत काम करणाऱ्यांची साक्ष यांना महत्त्व आहे. हे कागद कारखान्यात असतानाच जपून ठेवणे हिताचे.

दाद कोठे मागायची?

प्रथम मालकाला लेखी मागणी द्यावी. तीत कामावर लागल्याची व सोडल्याची तारीख, कामाचे दिवस, शिल्लक रजा आणि येणे रक्कम स्पष्ट लिहावी व पोच घ्यावी. उचल वळती केली असल्यास तिचा हिशेबही मागावा. उत्तर न आल्यास ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार करता येते. पैशात मोजता येणाऱ्या लाभाबाबत वाद असेल, तर औद्योगिक संबंध संहितेनुसार न्यायाधिकरणाकडे जाता येते. मजुरीही थकली असेल, तर वेतन संहितेखाली तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा. अशा दाव्यात वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते आणि थकबाकीखेरीज तिच्या दहा पटींपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो.

संहिता लागू होण्यापूर्वी काम सोडलेल्यांचे हक्क जुन्या कायद्यांनुसार ठरतात. त्यांनी मुदतीची चौकशी विनाविलंब करावी. जुन्या वेतन प्रदान अधिनियमात दाव्यासाठी बाराच महिने होते.