कारवानीची आई कुणी पाहिली?

आमच्या जत भागात कारवानी कुत्र्याचं पिल्लू मागायला कुणी आलं, की जुनी माणसं आधी विचारायची, "आई पाहिलीस का?" बापाचं नाव पंचक्रोशीत गाजलेलं असायचंच. त्यानं कुठल्या माळावर किती ससे धरले, हे पारावर बसलेला कुणीही सांगे. आई मात्र जाऊन पाहावी लागे. पळून आल्यावर ती किती वेळ धापा टाकते, मुरमाड रानात तिच्या पंजांच्या गाद्या टिकतात का, परका माणूस दारात आला तर कोपऱ्यात आक्रसते की लांब उभी राहून त्याला जोखते. माझ्या थोरल्या चुलत्यांनी एक उंच, देखणी मादी पुन्हा कधी भरवली नाही, कारण पहिल्या वेतातली पिल्लं तिनं अंगाखाली घेतली नाहीत. आम्हा पोरांना तेव्हा त्यांचा रागच आला होता.

कारवानी म्हणजे काफिल्यांबरोबर आलेला. पश्चिम आणि मध्य आशियातल्या सालुकीच्या नात्यातलं हे कुत्रं मानलं जातं. वासाचा माग काढत नाही, नजरेवर शिकार करतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपडे यांनी बेडरांकडची ही कुत्री हेरली, राजाश्रय देऊन जोपासली आणि त्यातली जोडी पंचम जॉर्जला भेट दिली. तिथून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं असं सांगतात. आपण ही गोष्ट सांगताना नजराण्याच्या तबकापाशीच रेंगाळतो. मला त्याआधीचा भाग मोलाचा वाटतो. गावोगावच्या कुत्र्यांतून कोणतं ठेवायचं आणि कोणतं नाही, हे पारखणारी नजर बेडरांकडे, धनगरांकडे आधीपासून होती. राजानं तिच्यावर विश्वास टाकला.

ती नजर घडली शिकारीत. ससा सरळ पळत नाही. कुत्रं अंगावर आलं की तो काटकोनात वळतो आणि नुसतं वेगवान कुत्रं पुढे निघून जातं. म्हणून जोडी सोडत: एकानं वळवायचा, दुसऱ्यानं धरायचा. त्यात सगळं उघडं पडे. छाती खोल आहे पण दम नाही, दम आहे पण खांदा आखडतो, पाय चांगले पण ससा झुडपात दिसेनासा झाला की नाद सोडून देतं, किंवा ससा सोडून जोडीदारावरच जातं. दोन-तीन हंगाम असे गेल्यावर, तीन-चार वर्षांचा झाल्यावर, नराचं नाव व्हायचं आणि मग लोक त्याच्याकडे माद्या आणायचे. या उशिराचा एक फायदा कुणी मुद्दाम योजलेला नव्हता. फिट येणं, हृदयाचा दोष, सांध्यांची कुरकुर असले आनुवंशिक रोग बरेचदा वर्ष-दोन वर्षांनी डोकं वर काढतात. चार वर्षांचा धडधाकट नर म्हणजे निम्मी तपासणी झालेला नर.

अर्थात तो काळ काही सुवर्णयुग नव्हता. गोचीडताप आणि जंत यांतून जगेल ते पिल्लू, हीच तेव्हाची आरोग्यचाचणी होती. शिवाय एकच गाजलेला नर पाच गावांत वापरला, की पुढच्या पिढीत पाचही गावची कुत्री सावत्र भावंडं. वंशावळ लोकांच्या तोंडी असायची आणि आजोबांपलीकडे ती सहसा जात नसे.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळविटाची शिकार बंद झाली, पुढे सशांचीही झाली आणि ती व्हायलाच हवी होती. आमच्या माळांवर तेव्हा काळविटं औषधालाही उरली नव्हती. चोरटी शिकार पुढेही चालली, हेही सांगायला हवं. पण नर कसा पळतो हे उघडपणे, चारचौघांत पाहणं संपलं. शिकार थांबवताना शिकारीत होणाऱ्या परीक्षेच्या जागी दुसरं काही उभं करावं, हे आपल्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

दुसरीकडे ते आलं होतं. योगायोग असा की त्याच १९७२ साली अमेरिकेत नजरेवर धावणाऱ्या कुत्र्यांच्या पाळकांनी संघटना काढली आणि जिवंत सशाऐवजी दोरीला बांधलेली पांढरी प्लास्टिकची पिशवी पळवायला सुरुवात केली. मोटार दोरी ओढते, जमिनीत रोवलेल्या कप्प्यांवरून ती सशासारखी वळणं घेते, कुत्री जीव तोडून मागे पळतात. ससा मरत नाही आणि कुत्रंही तारेच्या कुंपणात फाटत नाही. जर्मनीतल्या ड्राटहार या शिकारी जातीची संस्था तर १९०२ पासूनची. तिथं वसंतातली आणि शरदातली, अशा कामाच्या परीक्षा दिल्याशिवाय आणि खुब्याचा एक्स-रे दाखवल्याशिवाय कुत्र्याला जोडणीची परवानगीच मिळत नाही.

आपल्याकडे परीक्षेची ती जागा प्रदर्शनाच्या रिंगणानं घेतली. तिथंही एकमत नाही: केनेल क्लब ऑफ इंडिया याच कुत्र्याला कॅराव्हान हाउंड म्हणतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं. २०१६ मध्ये पिल्लं प्रशिक्षणासाठी सैन्याच्या मेरठच्या केंद्रात गेली. ३० ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं आणि मागणीला उधाण आलं. मागणी आली की घाई आली. दहा-अकरा महिन्यांचा नर जोडणीला लावायचा, बदल्यात एक पिल्लू घ्यायचं, रंग आणि उंचीवर भाव ठरवायचा.

आणि 'रक्त शुद्ध राहावं' म्हणून बापाला लेकीवर घालायचं. हा हिशेब बाप-लेक जोडणाऱ्यांनी एकदा करून पाहावा. अशा जोडणीतून झालेल्या पिल्लाच्या जनुकांच्या सरासरी २५ टक्के जागांवर एकाच पूर्वजाची तीच प्रत दोन्हीकडून येते. आजोबा-नात किंवा सावत्र भावंडं जोडली तर १२.५ टक्के. एरवी झाकून राहणारा दोष अशा दोन प्रती जुळल्या की उघड होतो. वेतात पिल्लं कमी होतात, जन्मलेली चटकन आजारी पडतात. याला शुद्धता म्हणणं हा शब्दाचा अपमान आहे.

मी स्वतः काही शहाणा नव्हतो. काही वर्षांपूर्वी एका पैदासकाराकडून नर पिल्लू आणलं. बापाचे फोटो, ढाली, फिती सगळं डोळे भरून पाहिलं. पिल्लू वर्षाचं झालं तरी त्याचं एकच वृषण खाली उतरलं होतं. हा दोष वंशात उतरतो, आणि तो आईकडूनही येऊ शकतो. मादीत तो दिसत नाही, तिच्या भावांत आणि मुलांत दिसतो. मी ना आई पाहिली होती, ना मामे. चुलते असते तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं.

आज कुणी विचारलं तर मी सांगतो: नर-मादी दोघंही दोन वर्षं पूर्ण झालेली असू द्या. हृदय, डोळे, खुबे डॉक्टरांना दाखवा. जोडणीआधी दोघांच्याही रक्ताची ब्रुसेला चाचणी करा. या रोगानं मादीचा गर्भ पडतो आणि माणसालाही त्याची बाधा होते. पळण्याची परीक्षा पिशवीमागे घ्या, तीही दोनदा, मध्ये विसावा देऊन. पहिल्या धावेत सगळीच उत्साही असतात. दुसरीत कोण मनापासून उठतं ते बघा. जोडीनं सोडल्यावर जोडीदाराला चावणारं कुत्रं कितीही वेगवान असो, ते बाद. नराची भावंडं बघा. पहिल्या वेतातली पिल्लं वर्षाची होऊन पळताना दिसेपर्यंत त्याच्याकडे दुसऱ्या माद्या नेऊ नका. या शेवटच्या अटीवर लोक हसतात, कारण वर्षभर थांबायचं म्हणजे वर्षभराचं उत्पन्न सोडायचं. पण बाप कसा आहे हे त्याच्या ढालींपेक्षा त्याची पोरंच खरं सांगतात.

मुधोळजवळ तिम्मापूरला विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, ते या जातीवर काम करतं. पण सांगली, सोलापूर, लातूरकडची बहुतेक कारवानी कुत्री वाड्यावस्त्यांवर आहेत आणि त्यांचे आईबाप कोण हे तिथंच ठरतं. एक मोटार, दोनशे-तीनशे मीटर दोरी, दहा-बारा कप्प्या आणि एक पिशवी, एवढ्यावर काम भागतं. फेब्रुवारी-मार्चात ज्वारी निघाली की माझं रान मोकळं असतं. कुत्री घेऊन या, आणि येताना त्यांच्या आयाही आणा.