पहिला सिनेमा दाखवणारी इमारत रिकामी का झाली?

मुंबईच्या काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे जुने वॉटसन्स हॉटेल. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला आणि १८६०च्या दशकात इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चित्रफितींचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला.

हॉटेल गेले, खोल्यांचे गाळे झाले. समोरच्या कोर्टातले वकील तिथे बसू लागले. भाडे जुनेच, मग डागडुजी कोण करणार? २००५ मध्ये दर्शनी भाग कोसळून एकाचा जीव गेला, तरी वापर सुरूच राहिला. २०१९ मध्ये इमारत रिकामी केली गेली. आयआयटी मुंबईचा अहवाल म्हणाला, पाडा. वारसातज्ज्ञांचे म्हणणे उलट: जोडलेला सांगाडा आहे, दुरुस्त होऊ शकतो.