जुना संगणक, भरगच्च लिनक्स : दान देण्याआधी थोडे समजून घेऊ या



अलीकडे आपल्या मंडळ्यांमधून एक विचारणा वारंवार होते : "आमच्या ऑफिसातले जुने संगणक काढतोय, तुमच्या मुलांच्या अभ्यासिकेला पाठवू का?" यामागे एक कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ला दिली जाणारी नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आठ-दहा वर्षांपूर्वीचे बरेच संगणक या अटींत बसत नाहीत. ते बिघडलेले नसतात, फक्त बाद ठरलेले असतात. शहरातल्या ऑफिसाला ते अडगळ वाटतात, पण जालना जिल्ह्यातल्या भिल्ल आणि पारधी वस्त्यांवरच्या कितीतरी मुलांचा हात लागणारा तो पहिलाच संगणक असतो.

अशा संगणकावर विंडोजची चोरून आणलेली प्रत घालून देणारे दुकानदार कमी नाहीत. ते आपल्याला चालणार नाही. मुलांना प्रामाणिकपणा शिकवायचा आणि त्यांच्यासमोर चोरीची वस्तू ठेवायची, हे एकत्र जात नाही. म्हणून लिनक्सचा विचार करावा लागतो. त्याची प्रत घेणे, दुसऱ्याला देणे, दहा संगणकांवर घालणे या सगळ्याला परवाना आहे आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

लिनक्स म्हणजे काय?

१९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणक चालवणारा एक गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. तोच लिनक्स. पण नुसता गाभा म्हणजे ट्रॅक्टरचे नुसते इंजिन. शेतात जायचे तर चाके, बैठक, नांगर, ट्रॉली हे सगळे जोडावे लागते. गाभ्याला असे सगळे जोडून जो तयार संच मिळतो, त्याला 'डिस्ट्रिब्युशन' किंवा थोडक्यात 'डिस्ट्रो' म्हणतात. उबुंटू, मिंट, डेबियन हे असेच संच आहेत. आपल्याकडे सी-डॅक या शासकीय संस्थेने चेन्नईत तयार केलेला 'बॉस' हा संच २००७ पासून आहे आणि शाळांसाठी त्याचे 'एज्युबॉस' हे रूपही आहे.

काही संच हलके असतात, तर काही भरगच्च. भरगच्च संचात देखणा पडदा, सरकत उघडणाऱ्या खिडक्या, छापण्याची, गाण्यांची, चित्रांची, कार्यालयीन कामाची सर्व साधने आधीच घातलेली असतात. नवशिक्याला हे सोयीचे, कारण काही शोधावे लागत नाही. पण लहान ट्रॅक्टरला सगळी अवजारे एकदम जोडली तर तो जागेवरच धापा टाकतो. जुन्या संगणकाचेही तसेच होऊ शकते.

खैरातच्या शाळेतला अनुभव

महाराष्ट्रात हा प्रश्न पूर्वी एका शाळेपुढे आला आहे. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाचे छोटे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैरात या लहानशा गावातल्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत आले. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने हा उपक्रम नाकारला होता, त्यामुळे खैरातचा प्रयोग छोट्या प्रमाणावरच झाला.

त्या यंत्राची ताकद पाहा. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी, म्हणजे आजच्या ४ जीबीच्या सोळाव्या हिश्शाएवढी. हार्ड डिस्क नाहीच, फक्त १ जीबीची फ्लॅश साठवण. यावर फेडोरा या लिनक्स संचावर बांधलेली 'शुगर' नावाची मुलांसाठीची रचना चालत असे. तिच्यात लिहिणे, रंगवणे, फोटो आणि आवाज टिपणे, संगीत, आकृत्या काढायला लावणारे कासव, शेजारच्या मुलांच्या लॅपटॉपशी थेट जोडणी असे पुष्कळ काही होते. कल्पना श्रीमंत होती, यंत्र मात्र गरीब होते. एका वेळी एकच काम उघडले तर ते निभावून नेई, पण तीन-चार उघडली की रॅम संपून सगळे रेंगाळे.

यातून धडा मिळतो तो असा : संचात किती गोष्टी आहेत यापेक्षा एका वेळी किती गोष्टी रॅममध्ये बसतात हे महत्त्वाचे. न उघडलेले साधन फक्त डिस्कवरची जागा अडवते, उघडलेले मात्र रॅम खाते.

आम्ही केलेली चाचणी

अभ्यासिकेत आलेल्या दोन संगणकांवर आम्ही लिनक्स मिंटची २२ वी आवृत्ती घालून पाहिली. ही मालिका जुलै २०२४ मध्ये आली आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. मिंटच्या 'सिनॅमन' या भरगच्च रूपासाठी निर्माते किमान २ जीबी रॅम सांगतात आणि सुखाने काम करायचे तर ४ जीबी. डिस्कवर किमान २० जीबी जागा लागते.

पहिला लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, पण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. सिनॅमन त्यावर चालले, पण सुरू व्हायला वेळ लागे आणि ब्राउझर उघडला की मुले चुळबुळ करू लागत. रॅम भरली की लिनक्स डिस्कचाच काही भाग तात्पुरती रॅम म्हणून वापरतो. फिरती डिस्क मुळात सावकाश, त्यामुळे सगळेच अडते. त्याच लॅपटॉपची डिस्क काढून एसएसडी बसवली, तेव्हा रॅम तेवढीच असूनही तो वेगळाच संगणक वाटू लागला.

दुसरा डेस्कटॉप २ जीबी रॅमचा. त्यावर सिनॅमन उघडले, पण ब्राउझरमध्ये दोन-तीन पाने उघडताच ते गुदमरले. त्याच मिंटचे 'एक्सएफसीई' हे साधे रूप घातले, तेव्हा लेखन आणि चित्रकलेपुरते काम नीट चालू लागले. सेटिंगमध्ये जाऊन खिडक्यांचे देखावे बंद करणे आणि संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी नको ती साधने थांबवणे, या दोन गोष्टींनीही फरक पडतो.

घरी कोणाला पाहायचे असेल तर संगणक पुसण्याची गरज नाही. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवून त्यावरूनच संगणक सुरू करता येतो, मूळ डिस्कला धक्का लागत नाही. पेनड्राइव्हवरून सगळे सावकाशच चालते, म्हणून तेवढ्यात वेगाचा निवाडा करू नये. वाय-फाय, आवाज, पडदा आणि प्रिंटर ओळखला जातो का, एवढे तपासावे.

मुलांना काय मिळते, काय मिळत नाही?

लिब्रेऑफिसमध्ये मराठी युनिकोडमध्ये लिहिता येते, इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. लहानांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, मोठ्यांसाठी जिओजेब्रा आणि तारे दाखवणारे स्टेलॅरियम आहे. हे सगळे एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालते. किविक्स या साधनाने मराठी विकिपीडियासुद्धा डिस्कवर ठेवता येतो. रेंज नसलेल्या वस्तीवर ही सोय पडद्यावरच्या देखाव्यापेक्षा मोलाची आहे. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी अर्ज ब्राउझरमधून भरायचा असल्याने त्याला विंडोजच हवे असे नाही. शिकवणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ-पाठ आहेत. लिब्रेऑफिसचे पाठ त्यात मराठी आवाजातही मिळतात.

काही अडचणीही आहेत. एमएस-सीआयटीचा अभ्यास विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर होतो, म्हणून त्या मुलांना तेही हाताळायला मिळाले पाहिजे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायली लिनक्सवर नीट वाचता येत नाहीत, त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. बोटाचे ठसे घेणारी काही यंत्रे आणि काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सला दाद देत नाहीत. म्हणून आमचा विचार असा : केंद्रात एक संगणक परवानाधारक विंडोजचा असावा, बाकीचे लिनक्सचे.

आपण काय पाठवावे?

संगणक ६४-बिटचा असावा. मिंटच्या २२ व्या आवृत्तीला तो लागतोच. रॅम ४ जीबी असेल तर उत्तम. २ जीबीचा असला तर त्यात आणखी रॅम बसते का, ते आधी पाहावे. लॅपटॉप असल्यास चार्जर सोबत द्यावा. वीज गेल्यावर थोडा वेळ तग धरणारी बॅटरी असेल तर शिकवणी मध्येच थांबत नाही. देण्यापूर्वी आपली कागदपत्रे, फोटो, बँकेची माहिती डिस्कवरून पूर्ण पुसून टाकावी.

पाच मरगळलेले संगणक पाठवण्यापेक्षा एका धडधाकट संगणकासाठी एसएसडी आणि रॅमची पट्टी दिलेली अधिक उपयोगी पडते. बंद पडलेली यंत्रे शेवटी आमच्याकडे ई-कचरा होऊन राहतात आणि त्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च मुलांच्या वाट्याच्या पैशातून जातो. रॅम मात्र परस्पर विकत घेऊ नका. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपला चालत नाही. आधी आम्हाला विचारा, आम्ही नेमका प्रकार कळवू.

आपल्या मंडळीत संगणकाची माहिती असलेले तरुण असतील तर त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा. यंत्र एकदाच बसवायचे असते, पण वस्तीवरच्या शिक्षिकेला अपडेट कसे करायचे, अडकले तर काय करायचे हे दाखवायला कोणीतरी पुन्हा जावे लागते. जे माणूस दुसऱ्यांदा येते, त्याच्याच भरवशावर ती संगणक मुलांच्या हाती निर्धास्तपणे देते.