अस्तंबा, एकावर एक आठ

सकाळी 7. धडगावात तासाच्या वेळी रेंज मिळेलच याचा भरवसा नाही, म्हणून अरबी समुद्र घरीच लॅपटॉपवर उतरवून घेतो. गेब्कोचा सागरतळाचा नकाशा फुकट मिळतो. पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत, असू द्यावी.

11.40. आठवी, 'सागरतळरचना'. खिडक्यांना चादरी. गडद निळं म्हणजे पाणीच जास्त निळं, असं पोरांना वाटतं. आधी रंगपट्टी वाचायला लावली. खंभातचं आखात फिकट. मुंबईपासून 160 किलोमीटरवरचं मुंबई हायसुद्धा फिकटच, पाणी 75 मीटरच्या आसपास. ही समुद्रबूड जमीन. मग खंडान्त उतार, आणि रंग एकदम काळपट. मारियाना गर्ता साधारण 11,000 मीटर, अस्तंबा 1,325. फळ्यावर भागाकार केला: आठ अस्तंबे बुडाले, वर पाणी उरलंच. दिवाळीच्या यात्रेला घरातलं कुणी ना कुणी अस्तंबा चढलेलं असतं, त्यामुळे वर्ग गप्प झाला.

लक्षद्वीपवर आलो तेव्हा नर्मदाकाठची एक मुलगी म्हणाली, "सर, हे डोंगराचे शेंडेच ना? आमच्याकडे पण असेच राहिलेत." सरदार सरोवराची पूर्ण पातळी 138.68 मीटर. त्याखालची शेतं, घरं गेली, काही टेकड्यांची बेटं झाली. या मुलांकडून 'जलमग्न पर्वत'ची व्याख्या घोकून घ्यायची मला लाज वाटते.

1.30. खिचडी.

2.15. नववी. वीज गेली, लॅपटॉपभोवती कोंडाळं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो. जहाजावरून सोडलेला आवाज 4 सेकंदांनी परत आला, तर खोली किती? "6,000!" जाऊन-येऊनचं अर्धं करायला दरवर्षी विसरतात. असा प्रत्यक्ष मोजलेला तळ जगात जेमतेम पाव. बाकीचा बहुतेक उपग्रहांवरून बांधलेला अंदाज. नकाशात मात्र दोन्ही सारखेच देखणे रंगवलेले. हे मला खटकतं, आणि पोरांनाही खटकावं.

3.30. दहावी. शाळेमागचा काळा दगड टेबलावर ठेवला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ज्या तप्तस्थळातून तो आला असं मानतात, ते आज रियुनियन बेटाखाली आहे. भारत त्यावरून उत्तरेकडे सरकत आला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी माळ राहिली. एकाने स्क्रीनवर बोट फिरवत विचारलं, "सर, चागोसच्या पुढे ही दुसरीच रांग मध्ये आडवी कशी आली?"

ती मध्य-महासागरी रांग. तिथे तळ दुभंगतो, नवा तयार होतो, आणि त्यातच ही माळही तुटली. एवढं सांगेपर्यंत घंटा झाली. लांबच्या पाड्यांवरची पोरं दप्तरं उचलून गेलीसुद्धा.

5.30. उद्यासाठी आलेखकागद मोजून ठेवले. रियुनियनचा तुकडा डाउनलोडला लावलाय, 12 टक्के.