गोळी कशी बनली, हे पाकिटावर लिहीत नाहीत

1970 साली केंद्र सरकारने गर्भवती आणि मुलांमधल्या रक्तक्षयाविरुद्ध कार्यक्रम सुरू केला आणि लोहाची गोळी सरकारी दवाखान्यांतून घराघरांत पोचली. मोठ्यांच्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फोलिक आम्ल. त्याच साली अमेरिकेच्या औषधसंहितेत गोळी किती विरघळते हे मोजण्याची चाचणी आली. तोवर गोळीत किती घातलं आणि ती फुटते का, एवढंच पाहिलं जाई. पोटात गेल्यावर त्यातलं किती बाहेर येतं, हा प्रश्न तसा उशिराच सुचला.

बदलापूरच्या मांजर्लीतल्या कुणालाही आमच्याकडची पावसाळी हवा समजावून सांगावी लागत नाही. उल्हास नदी जवळ, चार महिने दमटपणा. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत औषध कारखान्यात शिफ्ट करणाऱ्यांना ही हवा आणखी वेगळी कळते: भुकटी गोळी दाबणाऱ्या पंचला चिकटू लागते, गोळीच्या पृष्ठावरचे कण उपटले जातात. लोहाच्या गोळीतल्या फेरस सल्फेटला तर ओल लागली की त्याचं फेरिक होतं, पांढुरकी-हिरवट पूड तपकिरी पडते. फेरिक लोह शरीराला घेणं अवघड.

म्हणून साखरेचं कवच. आधी शेलॅकचा, म्हणजे लाखेचा थर, मग फिरत्या तांब्याच्या किंवा पोलादी कढईत पाक, टाल्क, पुन्हा पाक, शेवटी रंग आणि मेणाची चकाकी. एकेका खेपेला काही दिवस जात आणि सगळा भार हाताच्या अंदाजावर. लाख जाड बसली किंवा गोळी बरीच जुनी झाली, तर लाख घट्ट होत जाते आणि गोळी सुटायला तयार होत नाही. साखरवेष्टित गोळी 37 अंशांच्या पाण्यात एका तासात फुटली पाहिजे, असा नियम आहे. साध्या गोळीला पंधरा मिनिटं. लोह पुरेपूर घातलेलं, पण गोळी सुटलीच नाही, तर ते पोटातून तसंच पुढे जातं.

जीवनसत्त्वांची अडचण वेगळी. जुन्या पद्धतीत भुकटी स्टार्चच्या खळीत मळायची, चाळणीतून दाणे पाडायचे आणि ट्रे ड्रायरमध्ये तासन्‌तास वाळवायचे. क जीवनसत्त्वाला पाणी, उष्णता आणि तांब्या-लोखंडाचा अंश, तिन्ही बाधतात. त्यावर कारखान्यांचा तोडगा म्हणजे तुटीची भरपाई म्हणून आधीच जास्त घालणं. नंतर फ्लुइड बेड ड्रायर आला. गरम हवेत दाणे उडत-उडत काही मिनिटांत वाळू लागले. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज साठच्या दशकात बाजारात आल्यावर पाण्याशिवाय थेट दाबून गोळी करणं सोपं झालं. पण यातही मेख आहेच. अर्धा मिलिग्रॅम फोलिक आम्ल शेकडो मिलिग्रॅम भुकटीत सारखं पसरवायचं म्हणजे भाजणीत चिमूटभर हिंग मिसळण्यासारखं. आधी थोड्यात, मग त्याच्या दुपटीत, असं करत गेलं नाही तर एका गोळीत जास्त, दुसरीत नावालाही नाही. शेवटी घालायचं मॅग्नेशियम स्टिअरेट जास्त वेळ घोटलं तर प्रत्येक कणावर पाणी न शिरणारा मुलामा बसतो. मिक्सर पाच मिनिटं जादा चालला, तर एवढ्यानेच गोळीचं सुटणं लांबतं. ही गोष्ट कुठल्याच पाकिटावर नसते.

पातळ फिल्मचं कवच अमेरिकेत 1954 मध्येच आलं होतं. साखरेच्या मानाने वजन किरकोळ, वेळ काही तासांचा. तरी 2018 च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत किशोरवयीनांसाठी निळी, गर्भवतींसाठी लाल, लहान मुलांसाठी गुलाबी, अशा सगळ्या गोळ्या साखरवेष्टितच ठरवल्या गेल्या. लोहाची चव झाकायला साखर चांगली, हे मान्य.

नियमही मधल्या काळात बदलत गेले. औषधांच्या चांगल्या उत्पादनपद्धतीचं शेड्यूल एम 1988 मध्ये आलं, 2001 मध्ये कडक झालं, 2023 च्या अखेरीस पुन्हा बदललं. लहान कारखान्यांना त्यासाठी 31 डिसेंबर 2025 पर्यंत मुदतवाढ मिळाली. पण पोषणपूरकांना अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियम लागू होतात, आणि त्यांचा परवाना अन्नाचा. गोळीने भारतीय औषधसंहितेच्या सर्वसाधारण कसोट्या पाळाव्यात, असं त्या नियमांतही आहे. मात्र गोळी ज्या खोलीत, ज्या दमट हवेत दाबली जाते, तिला शेड्यूल एम लागू होत नाही. मला हे पटत नाही. अर्धा मिलिग्रॅम फोलिक आम्ल सारखं मिसळण्याची अडचण परवाना बघून कमी होत नाही.