तार नाही, पडदा नाही

थेरेमिन हे वाद्य आपल्यापैकी पुष्कळांनी त्याचे नाव ठाऊक नसताना ऐकलेले असते. 1945 सालच्या हिचकॉक यांच्या 'स्पेलबाउंड'मध्ये नायकाच्या मनाचा तोल सुटतो तेव्हा, किंवा 1951 सालच्या 'द डे द अर्थ स्टूड स्टिल'मध्ये परग्रहावरचा पाहुणा पृथ्वीवर उतरतो तेव्हा, जो धड मानवी नाही आणि धड यांत्रिकही नाही असा विव्हळता स्वर कानी येतो, तो या वाद्याचा. संपादकांनी लेखाची फर्माईश केली ती याच भुताटकीच्या लौकिकावरून, आणि तो लौकिक सप्रमाण मांडावा अशा बेतानेच मी जुनी ध्वनिमुद्रणे ऐकू लागलो. परंतु क्लारा रॉकमोर या विदुषीने पियानोच्या साथीत वाजवलेला सँ-साँस यांचा 'हंस' ऐकला, आणि भुताटकीचा विषय तिथेच मागे पडला. ज्या पेटीला तार नाही, पडदा नाही, पट्टी नाही, आणि जिला वादकाचे बोट लागतही नाही, तिच्यातून इतका शुद्ध आणि भारदस्त स्वर शिस्तीने काढण्याची विद्या मनुष्याने कशी हस्तगत केली असावी, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटू लागला.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. ल्येव सेर्गेयेविच तेरमेन, ज्यांना पश्चिमेकडे लिऑन थेरेमिन म्हणतात, यांचा जन्म 1896 साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. त्यांनी पदार्थविज्ञानाबरोबर चेलोवादनाचेही रीतसर शिक्षण घेतले होते. 1920 च्या सुमारास पेत्रोग्राद येथे भौतिकशास्त्रज्ञ योफे यांच्या संस्थेत वायूंचे विद्युतगुण मोजण्याचे उपकरण सिद्ध करीत असता, हात जवळ नेला की कर्णयंत्रातला सूर बदलतो, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि आतला चेलोवादक जागा झाला. 1922 साली क्रेमलिनमध्ये लेनिनसमोर या वाद्याचा प्रयोग झाला. 1927 अखेर तेरमेन न्यूयॉर्कला पोचले, पुढील वर्षी त्यांना अमेरिकन पेटंट मिळाले, आणि 1929 मध्ये आरसीए या बड्या कंपनीने वाद्य बाजारात आणले. ज्याला शीळ घालता येते किंवा गाणे गुणगुणता येते त्याला हेही वाजवता येईल, असा जाहिरातींचा भरवसा होता. किंमत 175 डॉलर, व्हॉल्व्ह व ध्वनिवर्धक यांचा खर्च निराळा. त्यातच त्या शरद ऋतूत वॉल स्ट्रीट कोसळला. सुमारे 500 नगांवर कारखाना थांबला. तेरमेन 1938 साली स्वदेशी परतले, अटकेत पडले, कोलिमाच्या छावणीत आणि नंतर तुरुंगातल्या प्रयोगशाळेत राबले, आणि 1993 साली मॉस्कोत निवर्तले. या हकिकतीवर स्वतंत्र ग्रंथ झाले आहेत. आपल्याला पेटीकडे वळले पाहिजे.

पेटीत दोन आंदोलक असतात आणि दोन्ही कानाला ऐकू न येणाऱ्या, अतिशय जलद कंपनांची निर्मिती करतात. समजा, एकाची कंपने सेकंदाला 2,60,000 अशी कायम बांधलेली आहेत, आणि दुसऱ्याची, उजव्या बाजूच्या उभ्या दांड्याजवळ वादकाचा हात आल्यामुळे, 2,59,560 पर्यंत उतरली आहेत. तर दोहोंच्या मिलाफातून उरणारा 440 चा फरक हाच ऐकू येणारा स्वर, आणि पाश्चात्य वाद्यवृंद ज्यावर आपली वाद्ये मिळवून घेतात तो नेमका हाच. हात आणि दांडा मिळून विद्युत साठवणारी एक जोडी तयार होते. तिच्या साठवणक्षमतेतला, पिकोफॅरड या अतिसूक्ष्म एककाच्याही अंशाइतका बदल स्वर हलवण्यास पुरतो. हात जवळ गेला की स्वर चढतो, दूर सरला की उतरतो. डाव्या बाजूस आडवे कडे असते. त्यावरून डावा हात वर उचलला की नाद मोठा होतो, खाली आणला की विझतो. म्हणजे उजव्या हाताकडे व्हायोलिनच्या डाव्या बोटांचे काम, आणि डाव्याकडे गजाचे.

आता क्लारा रॉकमोर. 1911 साली विल्ना येथे जन्मलेली ही मुलगी अगदी लहान असतानाच सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात दाखल झाली आणि लिओपोल्ड आवर यांच्या हाताखाली व्हायोलिन शिकली. कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले. पुढे बालपणीच्या उपासमारीचे परिणाम हाडांवर उमटून हाताने असहकार पुकारला आणि व्हायोलिन सुटले. ज्याला हात लावावा लागत नाही असे वाद्य तिला याच सुमारास भेटले, हा योगायोग खराच. परंतु हाती आलेल्या वाद्यावर तिने समाधान मानले नाही. तिच्या मागणीवरून तेरमेन यांनी स्वतंत्र यंत्र बांधले: तीनऐवजी पाच सप्तकांचा पल्ला असलेले, आणि डाव्या हाताच्या इशाऱ्याला तत्काळ प्रतिसाद देणारे, कारण त्याशिवाय तुटक, सुटे स्वर निघणे शक्य नव्हते. 1934 साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तिची मैफल झाली. पुढे गायक पॉल रोब्सन यांच्यासमवेत दौरे झाले. 1945 साली स्टोकोव्स्की यांच्या संचालनाखाली अनिस फुलेहान यांचा थेरेमिन-कन्चेर्तो तिने प्रथम वाजवला.

तिच्या उतारवयात घेतलेल्या चित्रफितींत उजवा हात जवळून पाहता येतो. अंगठा आणि तर्जनी यांची टोके हलकेच जुळलेली. उरलेली बोटे मिटलेली असताना एक स्वर, करंगळीच्या बाजूने उलगडत गेली की पुढचा, मग त्यापुढचा. दंड जागचा हलत नाही, मनगट किंचित वळते. बोटे उघडली की हाताचा थोडासा भाग दांड्याच्या जवळ जातो आणि सूर चढतो. अशा रीतीने जवळच्या स्वरांसाठी बोटे आणि लांबच्या उडीसाठी हात, अशी कामाची वाटणी तिने ठरवून घेतली होती. स्वर स्थिरावला की बोटांत बारीक कंप सुरू होतो, आणि त्या कंपाखेरीज हा नाद कोरडा, जवळजवळ कर्कश लागतो. बाकी सारा देह, डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असावी तसा निश्चल. याचे कारण असे की वाद्याला हात आणि खांदा यांतला भेद कळत नाही, श्वासाबरोबर छाती हलली तरी तेवढा सूर ढळतो.

याच ठिकाणी नवशिक्याच्या अडचणींना प्रारंभ होतो. वाद्य सुरू करून ते तापून स्थिर होईपर्यंत थांबावे लागते; मग गुंडी फिरवून स्वरांचे क्षेत्र आपल्या देहाशी जुळवून घ्यावे लागते, म्हणजे हात खांद्याशी मागे घेतला असता सूर उतरत उतरत नाहीसा व्हावा. शेजारी कोणी येऊन उभा राहिला, तर सगळा बंदोबस्त पुन्हा. शिवाय हवेतले स्वर समान अंतरावर नसतात: देहाजवळ ते ऐसपैस पसरलेले असतात, दांड्याजवळ एकमेकांना खेटून बसतात, आणि तिथे केसभर चूकही कणसूर होण्यास पुरेशी ठरते. सतारियाला पडदा असतो, सारंगियाला निदान तार बोटाला लागते. इथे बोटाला साक्ष देणारे काहीच नाही, म्हणून सगळा भार कानावर येतो, आणि कानाला चूक कळते ती सूर उमटून गेल्यावर. अनुभवी वादक अल्प नादात स्वर लावून, तो क्षणार्धात सावरून, मग डावा हात उचलतात. काही यंत्रांत श्रोत्यांना ऐकू न जाता वादकालाच स्वर आधी ऐकवण्याची तजवीज असते.

मराठी वाचकाला येथे एक शंका येईल. आपल्या बाजाच्या पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, मींड नाही, हा आपल्या संगीतज्ञांचा जुना आक्षेप; 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली तीत त्याचा वाटा होता. मग मींडेवाचून ज्याला बोलताच येत नाही, ते वाद्य तर आदर्श म्हणावे! परंतु थेरेमिनवर मींड घेणे हे कौशल्य नव्हे, ती न घेणे हे कौशल्य. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधले सारे सूर आपोआप वाजतातच. ते लपवण्यासाठी नेमक्या क्षणी डावा हात खाली यावा लागतो, आणि उजवा पोचताच वर जावा लागतो. हा मेळ बिघडला की रख्मानिनोव्ह यांच्या 'व्होकालीझ'ची आर्त स्वरावली रडगाण्यात जमा होते. गायकी ढंगाच्या, संथ रचना या वाद्याला शोभतात आणि झपतालासारख्या ठसक्याच्या चाली त्याच्या प्रकृतीला मानवत नाहीत, याचे कारणही हेच.

गुरूवाचून हे साधणे दुरापास्त, आणि गुरू फार थोडे. स्वतः तेरमेन यांनी मॉस्कोत आपल्या नात्यातल्या लिदिया कावीना हिला ती नऊ वर्षांची असताना शिकवण्यास आरंभ केला. कावीनाच्या शिष्या, 1987 साली जर्मनीत जन्मलेल्या कारोलिना आईक यांनी मिटलेल्या मुठीपासून उघडलेल्या पंजापर्यंत एका सप्तकाच्या आठ जागा ठरवून दिल्या आणि 2006 साली त्यावर पुस्तक लिहिले. क्षेत्र असे जुळवायचे की मुठीत षड्ज आणि पूर्ण पंजात तार षड्ज मिळावा, आणि पुढच्या सप्तकासाठी तोच हात तसाच पुढे न्यावा. या पद्धतीने कान बाद होत नाही, पण त्याला हाताचा जामीन मिळतो.

दुसरा उपाय यंत्रानेच देऊ केला आहे. 2014 साली मूग कंपनीने आणलेल्या 'थेरेमिनी'त एक गुंडी आहे. ती पुरती फिरवली की हात कुठेही असो, सूर निवडलेल्या स्वरसप्तकातल्या जवळच्या स्वरावर जाऊन बसतो. ती क्रमाक्रमाने कमी करीत नेली तर नवशिक्याला धीर येतो, हे मान्य करावे लागते. परंतु जिथे चूक ऐकूच येत नाही तिथे कान कशाने तयार व्हावा? आरसीएच्या जाहिरातीतला भरवसा या गुंडीने अखेर खरा केला, आणि तसे करताना शिकण्याजोगे जे होते तेच काढून घेतले, असे मला वाटते.

या सवलतीचा खरा जमाखर्च रचनाकारांच्या वहीत मांडावा लागतो. बोहुस्लाव मार्तिनू यांनी 1944 साली थेरेमिन, ओबो, पियानो आणि चार तंतुवाद्ये यांसाठी 'फँटेसिया' लिहिली. आजही कित्येकदा तिच्यातले थेरेमिनचे काम ओंद मार्तनो या पट्टी असलेल्या वाद्याकडे सोपवले जाते. फिनलंडचे कालेव्ही आहो यांनी 2011 साली नवा कन्चेर्तो रचला, तो कारोलिना आईक यांच्यासारखी वादक समोर होती म्हणून. रचना व्हावी तर वादक हवा, वादक घडावा तर वर्षानुवर्षे कान धरणारा गुरू हवा, आणि गुरूचा चरितार्थ चालावा तर मैफली हव्यात, म्हणजे पुन्हा रचना हव्यात. विद्युतशास्त्राने आपला वाटा शंभर वर्षांपूर्वीच पुरा केला. उरलेले काम संगीत विद्यालयांचे आहे, आणि त्यांपैकी फारच थोड्यांनी ते अंगावर घेतले आहे.